सापेक्षतावादाशी समेट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचं आधुनिक भौतिकशास्त्राशी वैर आहे. तसं आमच्या शहाद्याकडे वैर काही नवीन नाही. बांधावरून वैर असतं, केळीच्या पाण्याच्या पाळीवरून असतं, लग्नाच्या पंगतीत मांडे कमी वाढले एवढ्यावरूनही दोन पिढ्या अबोला चालतो. पण प्रकाशाच्या वेगावरून वैर धरणारा माणूस अख्ख्या तापीकाठी एकच, आणि तो माझ्या नात्यात निघाला. गेल्या जन्मी मी नक्की कुणा तहानलेल्याला पाणी पाजलं असणार. कारण माझा धंदाच बोलण्याचा. गावोगावचे समारंभ मी चालवतो. साखरपुडे, निवृत्त्या, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं. लोक मला सूत्रसंचालक म्हणतात. ताई मला भोंगा म्हणते.

दाजी नोकरीत असताना बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कोणती गाडी कधी लागली, कधी सुटली ते पाहायचं आणि ध्वनिक्षेपकावरून सगळ्या स्टँडला ऐकवायचं, हे त्यांचं काम. केबिनच्या भिंतीवर एक गोल घड्याळ होतं. दाजींच्या लेखी विश्वाचा खुंटा तिथं ठोकलेला होता. एखादा ड्रायव्हर चहाचा पेला हातात धरून म्हणायचा, "साहेब, मन्हा घड्याळमा आखो पाच मिनिटं बाकी शेत." दाजी मानसुद्धा वर न करता म्हणत, "तुन्हा घड्याळले अठे कोन इचारस?"

आता खरी मजा अशी, की त्या एकमेव घड्याळाखाली गाड्या मात्र आपापल्या मर्जीने येत. कधी उसाच्या ट्रॉल्यांची रांग आडवी, कधी वरात आडवी, कधी तोरणमाळच्या घाटात कुणाच्या शेळ्या आडव्या. सकाळची गाडी दुपारी आली तरी दाजी तिच्यावर रागावत, घड्याळावर नाही. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात मंत्रासारखं चालतं: "गाडी लेट व्हई शकस. टाइम लेट व्हत नही."

निवृत्तीनंतर त्यांनी केळी लावली, कापूस लावला, दोन्ही शेजाऱ्यांना वेळेवर पाणी सोडण्याचं महत्त्व समजावून सांगितलं आणि दोन्ही शेजारी गमावले. मग एका रविवारी पेपरच्या पुरवणीत त्यांनी वाचलं, की जो वेगाने जातो त्याचं घड्याळ थांबलेल्या माणसाच्या घड्याळापेक्षा हळू चालतं, आणि सगळ्यांना लागू पडेल अशी एकच वेळ या विश्वात नाहीच.

ताई सांगते, दाजी असे लाल झाले की तिला वाटलं, कुणी तरी गेलं.

"काय व्हयनं?" तिने विचारलं.

"यासनी टाइमच रद्द करी टाका!"

ताई म्हणाली, "भाकर तरी राहू दी ना?" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बिचारीला वाटलं, सुटले. पण त्या दिवसापासून सापेक्षतावादाविरुद्धची सगळी भाषणं तिलाच ऐकावी लागली. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना, पायाला तेल लावताना. पांढऱ्या विस्कटलेल्या केसांच्या ज्या जगप्रसिद्ध साहेबांनी हा सिद्धांत मांडला, त्यांचं नाव दाजी तोंडात घेत नाहीत. 'केसवाला' म्हणतात. ताईला वर्षभर वाटत होतं, की हा केसवाला म्हणजे डेपोतला कुणी जुना अधिकारी असून त्याने यांची बढती अडवली असावी.

पुढे दाजींनी एक पुस्तिका लिहिली. स्वतःच्या खर्चाने छापली. 'टाइम एकच' हे नाव. त्यातलं पहिलं प्रकरण ड्रायव्हर लोकांवर आहे आणि मी आजवर वाचलेल्या शास्त्रीय वाङ्मयात त्याला तोड नाही. केसवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन जुळ्या भावांतला एक रॉकेटमध्ये बसून फिरून आला, तर घरी बसलेल्या भावापेक्षा तो तरुण राहतो. दाजी विचारतात, असं असेल तर जन्मभर गाडी हाकणारा ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेल्या कंट्रोलरपेक्षा तरुण दिसायला नको? मग त्यांनी आपल्याबरोबर भरती झालेले सगळे ड्रायव्हर गाठले. कुणाची कंबर गेलेली, कुणाचे गुडघे गेलेले, एकाच्या तोंडात एक दात आणि तोही हलता. उलट दाजी पाहा: ताठ कणा, काळे केस. निष्कर्ष: प्रवासाने माणूस तरुण होत नाही, खिळखिळा होतो.

केस ते काळे करतात ही बाब पुस्तिकेत आलेली नाही.

दुसरा पुरावा प्रयोगाचा. बसस्टँडसमोर घड्याळवाले चाचा बसतात. त्यांच्या वडिलांपासून ते दुकान तिथंच आहे. दाजींनी त्यांच्याकडून सारखी दोन चावीची घड्याळं घेतली, दोन्ही एकाच वेळी लावून घेतली. एक स्टँडच्या केबिनमध्ये टांगलं, दुसरं तोरणमाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या मनगटावर बांधलं. गाडी घाट चढून वर गेली, खाली आली. दाजी जेवायला घरी गेले होते, म्हणून ड्रायव्हरने घड्याळ चाचांच्या दुकानात दिलं. चाचांनी केबिनमधलंही मागवून घेतलं आणि दाजी आल्यावर दोन्ही त्यांच्या हातावर ठेवली. काटे एकावर एक ठेवल्यासारखे जुळलेले! दाजी भर रस्त्यात नाचले. पुस्तिकेत या प्रकरणाचं नाव आहे 'तोरणमाळचा निकाल'. तिसरं प्रकरण टॉर्चवर: धावत्या गाडीतून पुढे मारलेल्या टॉर्चच्या उजेडाला गाडीचाही वेग मिळतो, म्हणजे प्रकाशाचा वेग बदलतो.

पुस्तिका त्यांनी मोठमोठ्या विद्यापीठांना पाठवली. एकाचंही उत्तर नाही. दाजींना वाटलं, घाबरले असतील. मग दिवस गेले, तसं वाटू लागलं की कुणी उघडूनच पाहिली नसेल. हे दुसरं वाटणं त्यांना फार लागलं.

गावात मात्र उलटं. जो भेटेल तो म्हणायचा, "वा कंट्रोलर साहेब! शहादानं नाव काढं!" वाचलेली कुणीच नाही. आमच्याकडे एखादा माणूस काही वेगळं बोलायला लागला, की त्याच्याशी वाद घालत नाहीत. त्याचा सत्कार करतात. लवकर आटोपतं आणि फोटोही निघतो. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने सत्कार केला. भजनी मंडळाने केला. एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानदाराने उद्घाटनाला बोलावून केला. यातले निम्मे सत्कार मीच चालवले. "ज्यांनी प्रकाशालाही थांबायला लावलं" हे माझं वाक्य तेव्हा फार गाजलं होतं. घरात शालींचा असा ढीग झाला, की थंडीत ताईने म्हशीच्या पारड्यांना शाली पांघरल्या. आमच्या ताईच्या गोठ्यात उभं राहिलं की एखाद्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर आल्यासारखं वाटायचं.

आणि एके दिवशी दाजींनी मला बोलावलं. ओट्यावर बसले होते. आवाज खाली आलेला.

"शालक," ते म्हणाले, "माले आते शाल नको. माले विरोध करनारा मानूस लई ये."

"दाजी, तुम्हाला कोण विरोध करणार?"

"तेच ना! बठ्ठा लोक 'वा वा' करतंस. एक तरी मानूस असा पाहिजे, जो मन्ही पुस्तिका वाची आनि म्हनी, कंट्रोलर, तू अठे चुकना. मंग मी त्याले पाडसू. समोर कोनी उभाच नही, तर मी जितना कसा?"

मी खूप माणसं पाहिली, पण सत्कार नाकारून विरोधक मागणारा पहिलाच. मी मांडीवर थाप मारली आणि कामाला लागलो.

लोणखेड्याला कॉलेजं आहेत, तिथं भौतिकशास्त्राची माणसं आहेत. पहिल्या प्राध्यापकांनी विषय ऐकून हात जोडले. "वडीलधारे आहेत. कशाला दुखवायचं?" दुसऱ्यांनी विचारलं, "सत्कार माझाही आहे का?" तिसऱ्यांनी पुस्तिका चाळली, कौतुकाने मान डोलावली आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे." हा माणूस विज्ञानात कशाला आला, राजकारणात चमकला असता.

शेवटी प्रयोगशाळेत एक तरुण प्राध्यापिका भेटली. तोरणमाळकडच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहून शिकलेली. एका वायरच्या तुकड्याशी तिची झटापट चालली होती. मी पुस्तिका पुढे केली.

"वाचली आहे," ती म्हणाली. "दोनदा."

मी खुर्ची ओढून बसलो. "दोनदा?"

"आमच्या स्टाफरूममध्ये पडून होती. पहिल्यांदा हसायला वाचली. मग वाटलं, हसण्यावारी नेणं बरोबर नाही. कुठं चुकलंय ते शोधायला परत वाचली."

"मग याल का विरोध करायला?"

तिने वायर खाली ठेवली. "खरंच विरोध करायचा, की विरोध केल्यासारखं करायचं?"

"खरंच."

"काका चिडतील."

"चिडू द्या. त्यांना त्याचीच भूक आहे."

ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. मी अध्यक्षांना दहा वेळा बजावलं होतं, की ही चर्चा आहे, सत्कार नाही. अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. जन्मभर त्यांनी बांधाची भांडणं मिटवली. दोन भावांना समोरासमोर बसवायचं, दोघांचं ऐकायचं, थोडं याला सोडायला लावायचं, थोडं त्याला, आणि मग गुळाचा खडा दोघांच्या तोंडात. आमच्याकडे तो गूळ म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या वर. एकदा गूळ गिळला, की त्या भांडणाचा पुन्हा शब्द काढायचा नाही. काढला तर पंचांचा अपमान. त्या गुळावर किती तरी खटले मिटलेत, आणि अध्यक्षांच्या हाताला तो गोडवा कायमचा चिकटलाय.

कार्यक्रमाच्या दिवशी दारातच भला मोठा फलक लागला होता. 'विज्ञानमहर्षी कंट्रोलर साहेब यांचा भव्य नागरी सत्कार'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'व चर्चा'. दाजींनी फलक पाहिला आणि माझा दंड धरला. "हाई काय शे?"

"मंडळाने छापलं, दाजी."

"चर्चा कोठे शे?"

मी वाकून दाखवली.

तरी सुरुवात झकास झाली. दाजी बोलायला उभे राहिले आणि ड्रायव्हरांचं प्रकरण असं रंगवलं, की लोक खुर्च्यांवरून घसरले. पहिल्या रांगेत बसलेल्या दातपडक्या ड्रायव्हरला त्यांनी पुरावा म्हणून उभं केलं, आपण शेजारी उभे राहिले आणि विचारलं, "सांगा, तरुण कोन?" टाळ्या थांबेनात. मग तोरणमाळच्या निकालाची दोन्ही घड्याळं वर धरून दाखवली. शेवटी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि प्राध्यापिकेकडे वळले. चेहरा असा उजळला होता, की जणू घोड्यावर बसलेला नवरदेव.

मी तिचं नाव पुकारणार, तोच अध्यक्ष उठले. माझ्या हातातला माइक त्यांनी अलगद काढून घेतला. सूत्रसंचालकाच्या हातून माइक काढून घेणं म्हणजे लेकराच्या तोंडातून घास काढणं, पण बोलतो कोणाला!

"मंडळी," अध्यक्ष म्हणाले, "दोन्ही पक्ष आपलेच आहेत. कंट्रोलर साहेब आपले, कॉलेजही आपलं. इतके दिवस हा वाद चिघळला, कारण मध्ये कोणी पडलं नाही. आज आपण पडू." टाळ्या. "विज्ञानवाले म्हणतात, प्रकाशाचा वेग कधी बदलत नाही. साहेब म्हणतात, बदलतो. मी म्हणतो, दोघांनी थोडं थोडं सोडा. शहादा तालुक्यापुरता प्रकाश साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे चालेल. तालुक्याबाहेर विज्ञानाच्या म्हणण्याप्रमाणे. मंजूर?"

"मंजूर!" सभागृह गरजलं.

मागून एका सावध शेतकऱ्याने विचारलं, "अध्यक्ष, मंग हद्दवर काय?"

"हद्दीवर बांधासारखं. दोन्हीकडून एकेक हात मोकळा सोडायचा." अध्यक्षांनी क्षणभरही विचार केला नाही. "आणि वेळेचं म्हणाल, तर जो बसलाय त्याची एक, जो फिरतोय त्याची एक, पण जेवायच्या वेळेला दोघांनी एका ठिकाणी यायचं." पुन्हा टाळ्या. काही म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः पाहिलं, विश्वाची रचना आमच्या सभागृहात चहा येण्याच्या आत ठरली.

ताटलीत गूळ आला. अध्यक्षांनी एक खडा दाजींच्या ओठांशी नेला, दुसरा प्राध्यापिकेच्या तळहातावर ठेवला. फोटोवाला पुढे सरसावला. "साहेब, इकडं बघा, गूळ खाताना!"

दाजींनी तोंड घट्ट मिटलं.

मी त्यांचा चेहरा पाहिला आणि हसायचं थांबलो. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. दचकलेला, हरवलेला माणूस होता तो. गूळ गिळला की भांडण संपणार होतं, आणि ते अजून सुरूच झालं नव्हतं! इतक्या वर्षांची वाट, आणि हे लोक प्रेमाने, हार घालून, ते पुरून टाकायला निघाले होते. अध्यक्ष लाडाने म्हणत होते, "घ्या साहेब, आ करा." सगळं सभागृह लेकराला भरवताना करतात तसं "आ" करून बसलेलं. दाजी मान या बाजूला वळवत, गूळ त्या बाजूला जाई. दाजी त्या बाजूला, गूळ या बाजूला.

"नाही," असा एक आवाज आला.

प्राध्यापिका उभी होती. गुळाचा खडा तिने ताटलीत परत ठेवला.

"समेट मला मान्य नाही," ती म्हणाली. "काका चुकले आहेत."

 एकदम कल्ला. "ए पोरी, त्यासनं वय देख!" "सत्कारमा असं बोलतंस का?" "बसाडा तिले खाले!" अध्यक्षांनी दुःखाने डोळे मिटले. एक भाऊ बांधावर नांगर घालताना पाहिला, की ते असेच मिटतात.

आणि दाजी! दाजींनी अध्यक्षांच्या हातातून माइक असा हिसकला, की कर्णा किंचाळला.

"कोनी बोलानं नही!" ते ओरडले. "चूप बठा बठ्ठा! आजलोंग माले कोनी चुकेल म्हनं नही. पहिल्यांदाव कोनी म्हनी ऱ्हायनं, तर तुम्ही तिले बसाडतंस?" मग तिच्याकडे वळून, एकदम मऊ आवाजात: "बोल बेटा. कोठे चुकनं मन्हं?"

"सगळीकडे नाही सांगत आत्ता," ती म्हणाली. "ड्रायव्हरांपासून सुरू करू. काका, साखर कारखान्यात ऊस मोजायचा काटा असतो. ट्रॉलीसकट वजन करतो तो. त्या काट्यावर मी जिऱ्याचा एक दाणा टाकला तर काटा हलेल का?"

"नही हलाव."

"मग जिऱ्याला वजन नाही, असं म्हणायचं का?"

दाजींची एक भुवई वर गेली. माझीही.

"ड्रायव्हरने जन्मभर गाडी चालवली, तर सापेक्षतेने त्याचा जो वेळ वाचतो, तो पापणी लवायला लागतो त्याच्या लाखाव्या भागाएवढासुद्धा मुश्किलीने होईल. तो तुम्ही गुडघ्यांवर आणि दातांवर मोजताय. ऊसकाट्यावर जिरं मोजताय, काका."

पहिल्या रांगेतला ड्रायव्हर म्हणाला, "म्हनजे मी तरुण शे?"

"थोडे," ती म्हणाली. "कुणाला दिसणार नाही इतके."

"मन्ही बायकोले सांग हाई," तो म्हणाला आणि सभागृह पुन्हा हसलं. पण दाजी हसले नाहीत. डोळे बारीक करून, पुढे झुकून ते ऐकत होते.

"आनि तोरणमाळना निकाल?" त्यांनी घड्याळं उचलली. "हाई तर बरोबर जुयनं! जिरं नही दिखनं ते नही दिखनं, पण काही तरी फरक पडाले पाहिजे व्हता!"

तेव्हा मागून घड्याळवाले चाचा उभे राहिले. टोपी नीट केली. "साहब, फरक तो पड़ा था."

दाजी गर्रकन वळले. "काय?"

"तोरणमाळवाली घडी पीछे थी. घाटात आदळली असेल. मी मिलवून दिली."

"मिलवून दिली?"

"तो क्या करता, साहब?" चाचांना प्रश्नच कळेना. "माझ्या दुकानातून गिऱ्हाईक चुकीची घडी घेऊन जाईल? अब्बाजान कबरीत उठून बसतील."

मी चाळीस वर्षांत माइकसमोर कधी गप्प बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. कारण हसावं की रडावं हे माझं मलाच ठरत नव्हतं. 'तोरणमाळचा निकाल' हे प्रकरण एका सचोटीच्या माणसाने गिऱ्हाइकाच्या प्रेमापोटी दुरुस्त करून दिलं होतं. प्राध्यापिकासुद्धा ओठ चावत होती.

पण दाजी पंचवीस वर्षं स्टँडवर काढलेला माणूस. लगेच उसळले. "पाहा! फरक पडना म्हनजे मन्हा प्रयोग चुकना. पण मंग केसवालाना फरक तर दिखना! तू चूप कशी? तू तर त्याले जितावाले पाहिजे!"

"नाही काका," ती शांतपणे म्हणाली. "तो फरक सापेक्षतेचा नव्हता. तो खड्ड्यांचा होता. माझ्या बाजूचा दिसतोय म्हणून मी नाही घेणार तो."

हे वाक्य दाजींना कुठं तरी खोल लागलं. मी पाहिलं. ते हळूच खुर्चीत बसले.

"आता एक मी विचारते," ती म्हणाली. "काय दिसलं तर तुम्ही म्हणाल, की मी चुकलो?"

दाजींनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो प्रश्न स्वतःच विचारून स्वतःच उत्तरं दिली होती, हा मात्र त्यात नव्हता. अध्यक्षांना वाटलं, हीच संधी. ते गुळाची ताटली घेऊन पुढे झाले. "मग? झालं ना समाधान? आ करा."

"गूळ वापस ठेवा," दाजी म्हणाले. "हाई भांडन मन्हं शे. याले हात लावू नका." मग तिला: "इचार करीसन सांगसू."

त्यानंतर ताईचं घर असं शांत झालं, की मला ताईचा फोन आला. "भाऊ, हाऊ मानूस बोलतच नही. भाजी निवडतांना मी एकटी ऱ्हास. कसं तरी वाटस." मी जाऊन पाहिलं. दाजी ओट्यावर बसून केळीच्या बागेकडे बघत होते. मी म्हटलं, "दाजी, ती काय देवाची बहीण आहे का? सोडा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वेळ झाल्यावरही चहा पीत उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरकडे पाहत.

मग एका सकाळी स्वतःच धुतलेला शर्ट घालून तयार. "चाल. लोणखेडा."

प्रयोगशाळेत ती होती. दाजींनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "दोन घड्याळं. चांगला प्रकारनी. एक अठे, एक फिरी येल. त्याले कोनी हात लावेल नही. आनि फरक आगाऊ सांगेल व्हता तेवढाच, ना कमी ना जास्त. असं दिखनं, तर मी चुकना."

तिने त्यांना स्टूल दिलं. "असं झालंय, काका. विमानातून घड्याळं फिरवून आणली होती. साधी नाहीत, अणूंच्या कंपनांवर चालणारी. फरक पडला, आणि गणिताने जेवढा सांगितला होता, त्याच्याशी जुळला."

दाजी स्टूलवर बसले. मग अगदी कंट्रोलरच्या आवाजात: "तठे पाहाले कोन व्हता?"

"तुम्ही नव्हता, हे खरं."

"मंग?"

"म्हणून गणित शिकवते तुम्हाला. स्वतःच्या हाताने काढा, मग त्यांचे आकडे ताडून पाहा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका."

मला वाटलं, आता उठतील. वयाच्या या टप्प्यावर वर्गमूळ काढायला कोण बसतं? मी तर उठून दारापर्यंत गेलोही होतो. मागे वळून पाहिलं तर दाजींनी खिशातून पुस्तिका काढली होती. पहिलं प्रकरण, ड्रायव्हरांचं, त्यातली सगळी पानं. तिच्या टेबलावरचं पेन त्यांनी न विचारता उचललं आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ ओढली. मग घड्याळांचं प्रकरण उघडलं. तिथं हात थोडा थांबला. चाचांना मनातल्या मनात एक शिवी दिली असावी. तीही पानं गेली.

तिला वाईट वाटलं असावं. "काका, लगेच नको हो खोडायला. आधी गणित होऊ द्या."

"अवं, हाई तर गयंच! याले काय जीव शे आते?" दाजी म्हणाले. आवाजात दुःख असेल म्हणून मी पुढे झालो, तर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज, की मी शपथेवर सांगतो, इतक्या सत्कारांत मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, टॉर्चच्या प्रकाशावरचं तिसरं प्रकरण उघडून तिच्यासमोर आपटलं आणि बाह्या वर केल्या.

"हाऊ मात्र तुन्हा बापले पन पडाव नही. चाल, पाड!"

तिने पाणी पिऊन घेतलं, प्रकरण ओढून घेतलं आणि वाचायला लागली. पहिल्याच ओळीवर तिची भुवई चढली.

"काका, ही सुरुवातच चूक आहे."

"कशी काय? दाखव ना!"

मी दोनदा घसा खाकरला. दोघांनीही पाहिलं नाही. तिसऱ्यांदा खाकरल्यावर दाजी मान न वळवता म्हणाले, "शालक, तू जाय. तुन्ही ताईले सांग, जेवाले वाट पाहू नको."